निकाल विरोधात गेला म्हणजे न्यायाधीश पक्षपाती? फॅनी मे आणि फ्रेडी मॅकच्या भागधारकांनी निकालपत्र कसे तपासावे

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या भागधारकांनी अमेरिकी सरकारविरुद्ध २०१३ पासून बरेच दावे लावले. त्यातले बहुतेक फेटाळले गेले आणि प्रत्येक वेळी "न्यायाधीश सरकारला विकले गेले" अशी ओरड झाली. राग रास्त आहे. खासगी भागधारकांच्या या दोन कंपन्यांचा सगळा नफा वर्षानुवर्षे सरकारी तिजोरीत गेला आणि शेअर ठेवणाऱ्याला लाभांशाचा एक सेंटही मिळाला नाही. पण पक्षपात हा कायद्यात सिद्ध करावा लागणारा आरोप आहे, त्याची कलमे आणि मुदती ठरलेल्या आहेत. हरण्याचे खरे कारण कायद्याच्या कलमात असेल आणि आपण न्यायाधीशावर बोट ठेवत बसलो, तर जो हक्क खरोखर शिल्लक आहे तोही हातचा जातो. म्हणून आधी निकाल कशामुळे विरोधात गेला ते शोधायचे आणि न्यायाधीशाकडे त्यानंतर वळायचे.

आधी कागद जमवा

बातम्या आणि चर्चांवर विसंबू नका. पुढचे कागद जवळ हवेत: २००८ चा हाउसिंग अँड इकॉनॉमिक रिकव्हरी ॲक्ट, म्हणजे 'हेरा' (त्याचे कलम ४६१७ पुरेसे आहे), सप्टेंबर २००८ चा सरकारशी झालेला प्रेफर्ड शेअर (लाभांशात अग्रक्रम असलेला शेअर) खरेदी करार आणि त्याच्या सर्व दुरुस्त्या, तुमच्याकडच्या शेअरच्या मालिकेचे मूळ प्रमाणपत्र, आणि ज्या निकालाबद्दल तक्रार आहे त्याचे पूर्ण निकालपत्र, विरोधी मतासकट.

प्रेफर्ड शेअरच्या डझनावारी मालिका आहेत आणि प्रत्येकीच्या अटी थोड्याफार वेगळ्या. शेजाऱ्याच्या मालिकेचे प्रमाणपत्र वाचून आपले हक्क ठरवू नका.

न्यायालयाचे कागद 'पेसर' या सरकारी व्यवस्थेवर मिळतात. पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. एका तिमाहीत बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर ते माफ होते, म्हणजे तीन महिन्यांत साधारण ३०० पाने फुकट वाचता येतात. न्यायालयाची निकालपत्रे तर मोफतच असतात. ३ डॉलरची ही कमाल मर्यादा सुनावणीच्या शब्दशः उताऱ्यांना लागू नाही, तेव्हा लांबलचक उतारा उघडण्याआधी पाने मोजा. 'कोर्टलिसनर' या संकेतस्थळावर यातले बरेच कागद विनामूल्य सापडतात, आधी तिथे शोधा.

पैशाचा हिशेब एकदा नीट मांडा

हा हिशेब डोक्यात नसेल तर निकालपत्रातला युक्तिवाद कळत नाही. ६ सप्टेंबर २००८ रोजी एफएचएफए या नियामक संस्थेने दोन्ही कंपन्यांचा ताबा कंझर्व्हेटर, म्हणजे कंपनी सांभाळणारा ताबेदार, म्हणून घेतला. दुसऱ्या दिवशी ट्रेझरीने, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याने, करार केला: प्रत्येक कंपनीला १०० अब्ज डॉलरपर्यंत पैसा पुरवण्याची हमी (ती पुढे वाढवली गेली), बदल्यात १ अब्जाच्या अग्रक्रमाचे सीनियर प्रेफर्ड शेअर, ७९.९ टक्के कॉमन शेअर नाममात्र किमतीत घेण्याचे वॉरंट आणि रोखीने १० टक्के लाभांश. लाभांश रोखीने दिला नाही तर दर १२ टक्के आणि ती रक्कम मुद्दलात जमा.

२०१२ पर्यंत कंपन्यांनी मिळून सुमारे १८७.५ अब्ज डॉलर उचलले होते. त्यावर १० टक्के म्हणजे वर्षाला १९ अब्जाच्या आसपास. १७ ऑगस्ट २०१२ रोजी ट्रेझरी आणि एफएचएफए यांनी या कराराची तिसरी दुरुस्ती केली. १० टक्के रद्द झाले आणि १ जानेवारी २०१३ पासून दर तिमाहीला ठरावीक राखीव रकमेवरचे सगळे निव्वळ मूल्य ट्रेझरीला द्यायचे ठरले. ही राखीव रक्कम ३ अब्जापासून सुरू होऊन २०१८ पर्यंत शून्यावर यायची होती. यालाच नेट वर्थ स्वीप म्हणतात.

पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, सुमारे १३० अब्ज डॉलर गेले. जुन्या दराने १९ गेले असते. एवढा फरक पडण्याचे मोठे कारण हिशेबातले होते: तोट्याच्या काळात शून्य धरलेली करविषयक मालमत्ता (पुढचा कर कमी करणारी सवलत) पुन्हा ताळेबंदात आली. एकट्या फॅनीने २०१३ च्या पहिल्या तिमाहीत त्यापोटी ५०.६ अब्ज डॉलर दाखवले. ही वाढ येणार हे सरकारला ऑगस्ट २०१२ मध्ये ठाऊक होते का, हा भागधारकांच्या बाजूचा सर्वांत जड प्रश्न आहे. पुढे दिसेल की काही न्यायालयांनी तो गैरलागू मानला, आणि का मानला हे समजणे महत्त्वाचे आहे.

निकाल कुठे अडला ते ओळखा

निकालपत्र हातात घेऊन समासात प्रत्येक मुद्द्यापुढे एकच गोष्ट लिहा: हा मुद्दा कायद्याच्या मजकुरावर पडला, दावा लावण्याच्या अधिकारावर पडला, मालमत्तेचा हक्कच नाही म्हणून पडला, की पुराव्यावर पडला? फॅनी-फ्रेडीच्या दाव्यांत पहिली तीन कारणे इतक्या वेळा येतात की चौथ्यापर्यंत पोचणारा दावा विरळा.

पहिले कारण कलम ४६१७(एफ). त्याचा आशय असा: कंझर्व्हेटर म्हणून संस्था जे अधिकार वापरते ते रोखणारी किंवा त्यावर परिणाम करणारी कोणतीही कारवाई न्यायालयाने करू नये. न्यायमूर्ती रॉइस लॅम्बर्थ यांनी ३० सप्टेंबर २०१४ रोजी पेरी कॅपिटल हा गुंतवणूक फंड आणि इतरांचे दावे फेटाळले ते मुख्यतः यावर. हे कलम लागू होते का हे ठरवताना प्रश्न एवढाच उरतो की कृती कंझर्व्हेटरच्या अधिकारात बसते का. हेतू चांगला की वाईट, सरकारला वाढ माहीत होती की नाही, हे त्या चौकटीत येतच नाही. म्हणून "न्यायाधीशांनी आमचा पुरावा बघितलाच नाही" ही तक्रार वस्तुस्थिती म्हणून खरी असते, तरी ती पक्षपाताची खूण ठरत नाही.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी डी. सी. सर्किटने, म्हणजे वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने, हा निकाल दोन विरुद्ध एक मतांनी बराचसा कायम ठेवला. न्यायमूर्ती जॅनिस रॉजर्स ब्राउन यांचे विरोधी मत प्रत्येक भागधारकाने मुळातून वाचावे. कंपनी सांभाळायला नेमलेला कंझर्व्हेटर ती रिकामी करू लागला तर तो आपल्या अधिकाराबाहेर गेला, आणि अधिकाराबाहेरच्या कृतीला कलम ४६१७(एफ) चे कवच मिळत नाही, असा त्यांचा रोख आहे. आमच्या मते भागधारकांची बाजू इतकी नेमकी दुसरीकडे कुठे मांडलेली नाही. पण ते अल्पमत राहिले.

मग आला कॉलिन्स विरुद्ध येलेन, सर्वोच्च न्यायालय, २३ जून २०२१. इथे कायद्याचा एकच तुकडा बारकाईने बघा. कंझर्व्हेटरने कृती "नियंत्रित कंपनीच्या किंवा एजन्सीच्या" सर्वोत्तम हितासाठी करावी, असे कायदा म्हणतो; एजन्सी म्हणजे एफएचएफए. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्यातले "किंवा एजन्सीच्या" उचलले: कंपनीच्या हिताची नसली तरी एजन्सीच्या, आणि पर्यायाने जनतेच्या हिताची कृती कंझर्व्हेटर करू शकतो. तिसरी दुरुस्ती अधिकारात बसली आणि कायद्याच्या मुद्द्यावरचा दावा संपला. भागधारकांना हा अर्थ फार कठोर वाटतो, आम्हालाही वाटतो. तरी हे नोंदवा की या मुद्द्यावर नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताचे होते, आणि ते रिपब्लिकन तसेच डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेले होते. त्याच निकालात एफएचएफएच्या संचालकाला कारणाशिवाय काढता न येण्याची तरतूद घटनाबाह्य ठरली, म्हणजे भागधारकांचा एक मुद्दा मान्य झाला. नुकसान झाले का हे बघायला प्रकरण खाली पाठवले गेले, पण पाचव्या सर्किटने ऑक्टोबर २०२३ मध्ये तोही दावा फेटाळणे कायम केले.

दुसरे कारण दावा कोणाचा, हे. कंपनीचे नुकसान झाले आणि त्यातून तुमचे, तर तो दावा कंपनीचा असतो आणि भागधारक तो कंपनीच्या वतीने लावतो. हेरा म्हणतो की ताबा घेताच कंपनीचे आणि तिच्या भागधारकांचे कंपनीसंबंधीचे सर्व हक्क कंझर्व्हेटरकडे जातात. मग कंपनीच्या वतीने लावायचा दावा कंझर्व्हेटरच्या हातात, आणि तो स्वतःवर दावा लावणार नाही. हे अन्यायाचे वाटते, आणि वाटावे. पण ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, लिहिले आहे. फ्रेडीची वह्या-कागदपत्रे पाहू द्या असा एका भागधारकाचा दावा २०१६ मध्ये व्हर्जिनियाच्या फेडरल न्यायालयात याच तरतुदीवर पडला. सभा, मतदान, तपासणी हे नेहमीचे हक्क ताबा असेपर्यंत गोठलेले आहेत असे धरून चाला.

तिसरे कारण घटनेच्या पाचव्या दुरुस्तीखालच्या, म्हणजे सरकारने खासगी मालमत्ता घेतल्यास द्यायच्या, भरपाईत दिसते. फेअरहोम या गुंतवणूक फंडाचा दावा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये न्यायमूर्ती मार्गारेट स्वीनी यांच्यापुढे २०१३ पासून चालला. अपिलात फेडरल सर्किटने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी भागधारकांविरुद्ध निकाल दिला. स्वीपच्या वेळी कंपन्यांच्या निव्वळ मूल्यावर भागधारकांचा भरपाईयोग्य मालमत्ता हक्क उरला नव्हता, हे त्याचे सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

कायदा ज्याला पक्षपात म्हणतो

वरची चाळणी लावूनही संशय उरला तर पुढे या. फेडरल न्यायाधीशाने बाजूला व्हावे यासाठी अमेरिकी कायदेसंहितेच्या टायटल २८ ची दोन कलमे आहेत.

कलम ४५५(ए): न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणावर वाजवी शंका घेता येत असेल तर त्याने बाजूला व्हावे. मोजपट्टी सर्व तथ्ये ठाऊक असलेल्या तटस्थ माणसाची, हरलेल्या पक्षकाराची नव्हे. कलम ४५५(बी) मध्ये ठोस प्रसंग दिले आहेत: वैयक्तिक पूर्वग्रह, सरकारी नोकरीत असताना त्याच प्रकरणात वकील किंवा सल्लागार असणे अथवा मत मांडलेले असणे, स्वतःचा, जोडीदाराचा किंवा घरातल्या अज्ञान मुलाचा आर्थिक हितसंबंध, जवळचा नातेवाईक पक्षकार किंवा वकील असणे. (बी) मधले कारण असेल तर पक्षकारांनी संमती दिली तरी ते माफ होत नाही. (ए) मधले, सगळे उघड करून, माफ होऊ शकते.

कलम १४४ फक्त जिल्हा न्यायालयासाठी. इथे पक्षकाराने स्वतः प्रतिज्ञापत्र करायचे, त्यात तथ्ये आणि कारणे द्यायची, आणि ते सद्भावनेने केल्याचे वकिलाचे प्रमाणपत्र जोडायचे. एका प्रकरणात एकच प्रतिज्ञापत्र करता येते, दुसरी संधी नाही. म्हणून अर्धवट माहितीवर ते वाया घालवू नये.

आणि ज्या भिंतीवर बहुतेक अर्ज आपटतात ती म्हणजे १९९४ चा लाइटकी विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा निकाल. न्यायाधीशाचे आदेश हे एकटे पक्षपाताचा पुरावा जवळजवळ कधीच होत नाहीत, चुकीचा आदेश अपिलात दुरुस्त करायचा असतो. सुनावणीतला वैताग, तिखट शेरा, वकिलाला झापणे हेही पुरेसे नाही. न्याय्य निर्णय अशक्य व्हावा इतकी खोल ओढ किंवा वैर दिसले पाहिजे, किंवा न्यायालयाबाहेरून आलेला पूर्वग्रह दाखवता आला पाहिजे.

आर्थिक हितसंबंध कसा तपासावा

हा भाग कोणालाही घरबसल्या करता येतो, आणि खरोखर काही सापडले तर सर्वांत मजबूत कारणही इथेच मिळते. २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या तपासात २०१० पासून १३१ फेडरल न्यायाधीशांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध असलेली ६८५ प्रकरणे ऐकल्याचे बाहेर आले. तेव्हा हा संशय हवेतला नाही. त्यानंतर १३ मे २०२२ रोजी कोर्टहाउस एथिक्स अँड ट्रान्सपरन्सी ॲक्ट झाला. न्यायाधीशांची वार्षिक आर्थिक विवरणे आता फेडरल न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि १,००० डॉलरवरच्या रोखे व्यवहाराची माहितीही ४५ दिवसांच्या आत द्यावी लागते.

विवरण उघडल्यावर दावा चालू असतानाचे प्रत्येक वर्ष घ्या, फक्त निकालाचे नको. फॅनी, फ्रेडी यांचे कॉमन किंवा प्रेफर्ड शेअर आहेत का बघा. पक्षकार असलेल्या फंडात किंवा विमा कंपनीत गुंतवणूक आहे का तेही बघा. भागधारकांच्या बाजूने हितसंबंध असणेही तितकेच अपात्र करणारे आहे, हे लोक विसरतात. मालकी कितीही छोटी असली तरी ती आर्थिक हितसंबंध ठरते, एक शेअरसुद्धा.

आता ज्यात लोक घसरतात त्या गोष्टी. म्युच्युअल फंडातली गुंतवणूक, न्यायाधीश तो फंड चालवत नसेल तर, हितसंबंध धरत नाहीत. ट्रेझरीचे रोखे असणे, त्या खटल्याच्या निकालाने त्यांच्या किमतीवर मोठा परिणाम होणार नसेल तर, चालते. न्यायाधीशाचे गृहकर्ज फॅनीने विकत घेतलेले असणे ही मालकी नव्हे, तो फक्त कर्जदार आहे. "न्यायाधीश करदाते आहेत म्हणून सरकार जिंकले तर त्यांचा फायदा" हा युक्तिवाद तर सोडूनच द्या, त्या हिशेबाने देशात एकही न्यायाधीश उरणार नाही.

पूर्वीची नोकरी तपासताना फेडरल ज्युडिशियल सेंटरची चरित्रात्मक नोंद वापरा. न्यायाधीश पूर्वी न्याय विभागात होते एवढे पुरत नाही. याच प्रकरणात, म्हणजे २००८ चा ताबा किंवा २०१२ ची दुरुस्ती यांत, सहभाग होता का हे दाखवावे लागते.

एकाच न्यायाधीशाचे सगळे आदेश एका ओळीत लावा

हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतके डोळे उघडणारे दुसरे नाही. कागदावर तीन रकाने करा: तारीख, मुद्दा, कोणाच्या बाजूने. जो आदेश आवडला नाही तोच नव्हे, तर तपास, मुदतवाढ, साक्षीदार, कागदपत्रे यांवरचे लहान आदेशही भरा.

स्वीनी यांचा कागद भरून बघा. त्यांनी सरकारकडून कागदपत्रे आणि साक्षी मिळवायला भागधारकांना परवानगी दिली. सरकारने विशेषाधिकाराखाली झाकलेले दस्तऐवज उघड करा असा आदेश २०१६ मध्ये दिला, आणि फेडरल सर्किटने जानेवारी २०१७ मध्ये तो बहुतांशी कायम केला. फॅनीच्या तत्कालीन वित्तप्रमुखांची साक्ष, करविषयक मालमत्ता परत येऊ शकते हे ऑगस्ट २०१२ मध्येच ट्रेझरीच्या कानावर घातल्याची, याच तपासातून बाहेर आली. भागधारक तेव्हा त्यांना धैर्यवान म्हणत होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनीच भागधारकांचे थेट दावे फेटाळले आणि कंपनीच्या वतीने केलेला दावा पुढे जाऊ दिला. माणूस तोच होता. मुद्दे वेगळे होते.

लॅम्बर्थ यांचा कागद आणखी बोलका आहे. २०१४ मध्ये दावे फेटाळणारे तेच. डी. सी. सर्किटने करारातल्या सद्भावनेच्या गर्भित अटीचा दावा परत पाठवल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये तो पुढे जाऊ देणारेही तेच. पहिल्या ज्युरीचे २०२२ मध्ये एकमत झाले नाही, तेव्हा दुसरी सुनावणी त्यांच्याचपुढे झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ज्युरीने भागधारकांना सुमारे ६१ कोटी डॉलर दिले: फॅनी प्रेफर्डला अंदाजे ३० कोटी, फ्रेडी प्रेफर्डला २८ कोटी, फ्रेडी कॉमनला ३ कोटी. २०१४ च्या निकालानंतर त्यांच्यावर पक्षपाताचा अर्ज करून कोणी शक्ती खर्चली असती, तर काय साधले असते?

या तिन्ही रकान्यांत चौथा रकाना घालण्याचा मोह होतो: कोणत्या अध्यक्षांनी नेमले. घाला, पण निष्कर्ष काढताना सावध राहा. लॅम्बर्थ रेगन यांनी नेमलेले, स्वीनी बुश यांनी. डी. सी. सर्किटच्या बहुमतात एक न्यायमूर्ती रेगन यांनी नेमलेले, एक ओबामा यांनी. या खटल्यांत पक्षाच्या रंगावरून निकाल ओळखू पाहणाऱ्याचा अंदाज वारंवार चुकला असता.

सगळी प्रकरणे एकाच न्यायाधीशाकडे कशी गेली, हाही नेहमीचा संशय आहे. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात संबंधित प्रकरणे एकाच न्यायाधीशाकडे देण्याचा नियम आहे. डॉकेटवर (खटल्याच्या नोंदवहीत) 'संबंधित प्रकरण' अशी नोंद शोधा. ती असेल तर कारण तिथेच आहे.

काही खरे सापडले तर

वेळ फार महत्त्वाची. कारण कळताच अर्ज करायचा. माहिती हातात ठेवून निकालाची वाट बघितली आणि विरोधात गेल्यावर अर्ज केला, तर उशिराचा डाव म्हणून तो जवळपास हमखास जातो. कलम ४५५ चा अर्ज बहुधा त्याच न्यायाधीशापुढे जातो. नाकारला तर अपिलीय न्यायालयाकडे मँडॅमससाठी (खालच्या न्यायाधीशाला थेट आदेश द्या, या मागणीसाठी) जाता येते, पण तो दरवाजा अरुंद आहे.

तुम्ही पक्षकार आहात का हे आधी बघा. वर्ग-दाव्यातला (अनेक भागधारकांच्या वतीने एकत्र चालणाऱ्या दाव्यातला) साधा सदस्य न्यायाधीशाला हटवण्याचा अर्ज स्वतःहून दाखल करू शकत नाही. सापडलेली माहिती वर्गाच्या वकिलांना लेखी द्या: विवरणाचे वर्ष, पान, नोंद, आणि त्या तारखेला खटल्यात काय चालू होते, एवढे चार ओळींत. न्यायाधीशाला परस्पर पत्र किंवा ईमेल करू नका. ते एक तर परत येते, नाही तर डॉकेटवर सर्वांसमोर लागते, आणि तुमच्याच बाजूच्या वकिलांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

वर्तणुकीची तक्रार हा वेगळा मार्ग आहे आणि ती पक्षकार नसलेलाही करू शकतो. १९८० च्या कायद्याखाली संबंधित सर्किटच्या क्लार्ककडे एओ ३१० हा नमुना भरायचा, शुल्क नाही, आणि मजकूर खोटा असल्यास शपथभंगाची जबाबदारी तुमची. मुख्य न्यायाधीशांनी फेटाळल्यास ४२ दिवसांत फेरविचार मागता येतो. मात्र तक्रार थेट निकालाच्या गुणदोषांशी निगडित असेल तर ती तिथेच संपते. "कलम ४६१७(एफ) चा अर्थ चुकीचा लावला" असे एओ ३१० वर लिहिणे म्हणजे अर्ज फेटाळायला कारण आयते देणे. तक्रार यशस्वी झाली तरी निकाल बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

वकिलाशिवाय लढणाऱ्यांसाठी एक इशारा: पुराव्याविना "लाच", "संगनमत" असे शब्द अर्जात घातले तर फेडरल दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ११ खाली दंड होऊ शकतो. तुमच्याकडे तथ्य असेल तर ते तारखेसह लिहा, विशेषण गाळा.

जे हक्क शिल्लक आहेत ते सांभाळा

२०२३ चा ज्युरी निकाल ज्या वाटेने आला ती वाट करारातून गेली. शेअर हा भागधारक आणि कंपनी यांच्यातला करार आहे, त्यात सद्भावनेची गर्भित अट आहे, आणि तिसऱ्या दुरुस्तीने भागधारकांच्या वाजवी अपेक्षेला धक्का लावला, असा तो दावा. तो भागधारकाचा स्वतःचा होता, म्हणून कंझर्व्हेटरकडे गेला नाही. तो पैसे मागत होता, दुरुस्ती रद्द करा असे म्हणत नव्हता, म्हणून कलम ४६१७(एफ) मध्ये अडकला नाही. नवीन दावा, नवीन वकील किंवा नवीन वर्गणी समोर आली की या दोन कसोट्या लावून बघा.

नुकसान १७ ऑगस्ट २०१२ या एका दिवसातल्या शेअरच्या घसरणीवर मोजले गेले. वादींनी सुमारे १६० कोटी डॉलर मागितले होते. व्याजाचा नियम राज्याच्या कायद्यावर ठरला: फॅनीला डेलावेअर लागू, फ्रेडीला व्हर्जिनिया. म्हणून निकालपूर्व व्याज फॅनीच्या प्रेफर्डवर चढले आणि मार्च २०२४ च्या अंतिम आदेशात रक्कम ८१ कोटींच्या आसपास गेली. सरकारी बाजूने याविरुद्ध अपील केले, तेव्हा पैसे मिळाल्याचे धरून शेअरची किंमत मोजू नका. अपिलाची स्थिती डॉकेटवर बघा.

फॅनीचे कॉमन शेअर या वर्गात नव्हते. केवळ तेच जवळ असतील तर या रकमेत तुमचा वाटा नाही. प्रेफर्ड किंवा फ्रेडी कॉमन असेल तर वर्गाची व्याख्या मूळ आदेशात वाचा. हक्क शेअरबरोबर पुढच्या मालकाकडे जातो, २०१२ मध्ये शेअर असलेल्या पण नंतर विकून टाकलेल्या माणसाकडे तो राहत नाही. बरेच जुने गुंतवणूकदार इथे गाफील राहतात.

यासाठी ब्रोकरकडून खरेदी-विक्रीच्या पावत्या आणि प्रत्येक वर्षअखेरचे धारणपत्र काढून ठेवा. दोन्ही कंपन्या २०१० मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातून बाहेर पडल्या आणि तेव्हापासून शेअर ओटीसीवर (शेअर बाजाराबाहेर, दलालांमार्फत) चालतात. मधल्या काळात ब्रोकर बदलला असेल तर जुन्या ब्रोकरचे तपशील आपोआप नव्याकडे येत नाहीत, ते मागून घ्यावे लागतात. धारणपत्रावर मालिकेचे अक्षर आणि क्यूसिप (रोख्याचा ओळख) क्रमांक आहे ना ते तपासा. नुसते "फॅनी प्रेफर्ड" असे लिहिलेला कागद दावा-प्रशासकाकडे चालत नाही. ब्रोकरच्या नावावर शेअर असतील तर वर्गाची नोटीस त्याच्यामार्फत येते, म्हणून त्याच्याकडचा पत्ता आणि ईमेल चालू ठेवा.